सप्तर्षींतला जुळा क्वेसार: एकच दिवा, दोन उजेड, मध्ये ४१७ दिवस

अरुंधती_तारा
(धागाकर्ती)

१४ मार्चच्या शनिवारी आम्ही सहाजण भोरच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर दुर्बीण घेऊन गेलो होतो. आठ इंची आरसा, मागे कॅमेरा. रात्री अकराच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला छान वर आले. आधी एनजीसी ३०७९ ही कडेवरून दिसणारी दीर्घिका सापडली. तिथून पाव अंशाच्या आत सरकलो, दोन तास फोटो घेत राहिलो आणि सगळे एकावर एक रचले. पडद्यावर दोन ठिपके उमटले. अगदी लागून, जवळजवळ सारख्याच तेजाचे. बघणाऱ्याला वाटेल जोडतारा आहे.

तो जोडतारा नाही. ते दोन ठिपके मिळून एकच वस्तू आहे. मी गेली अकरा वर्षं आकाश बघते, शनीची कडी पहिल्यांदा पाहिली तेव्हाही माझे हात असे थरथरले नव्हते. म्हणून हा धागा.

मार्च १९७९. डेनिस वॉल्श, बॉब कार्सवेल आणि रे वेमन हे तिघे क्वेसार शोधत होते. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा. मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं आणि त्यात पडणारा वायू इतका तापतो की अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही तो ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने रेडिओ स्रोतांची यादी केली होती, आणि त्यातल्या एकेका स्रोताच्या जागी डोळ्यांना दिसणारं काय आहे ते हे लोक तपासत होते. ०९५७+५६१ या स्रोताच्या जागी एक नव्हे, दोन निळे ठिपके होते. दोघांतलं अंतर सहा विकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण तीनशेवा भाग. अॅरिझोनातल्या किट पीकवर २.१ मीटरच्या दुर्बिणीने दोघांचे वर्णपट घेतले. त्याच रेषा, तीच ठेवण, ताम्रसृतीही (विश्व पसरताना प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप) तीच: १.४१. एकाचा वर्णपट दुसऱ्याचा म्हणून खपला असता.

दोन वेगळे क्वेसार इतके सारखे असणं अवघड. त्यांनी दुसरा अर्थ पुढे ठेवला: मध्ये कुठेतरी एक दीर्घिका आहे, तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या क्वेसारचा प्रकाश वाकतो आणि दोन वाटांनी आपल्यापर्यंत येतो. मे महिन्याच्या अखेरीस नेचर या विज्ञान नियतकालिकात लेख आला. गुरुत्वीय भिंगाचं हे पहिलं सापडलेलं उदाहरण.

कल्पना मात्र जुनी होती. सूर्याजवळून जाणारा प्रकाश १.७५ विकला वाकतो हे १९१९ च्या खग्रास ग्रहणात मोजलं गेलं. १९३६ मध्ये मांडल नावाच्या एका हौशी इंजिनिअरने पिच्छा पुरवला म्हणून आइनस्टाइनने ताऱ्याच्या भिंगाचं गणित छापलं, आणि हे दिसण्याची फारशी आशा नाही असंही त्यातच लिहून ठेवलं. ताऱ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं, एका ताऱ्याने पाडलेल्या दोन प्रतिमा इतक्या चिकटून असतात की त्या काळी त्या वेगळ्या दिसणं शक्यच नव्हतं. पण पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने म्हटलं, तारे सोडा, दीर्घिका घ्या. त्यांचं वस्तुमान अब्जावधी पट, म्हणून प्रतिमाही दूर दूर पडतील. शिवाय त्यावरून दीर्घिकांचं वजन करता येईल. हे वजनाचं त्याला १९३७ मध्ये सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ४१७. क्वेसारचं तेज कमीजास्त होत असतं. दोन वाटा सारख्या लांबीच्या नाहीत. शिवाय जी वाट भिंग-दीर्घिकेच्या जास्त जवळून जाते तिथे गुरुत्वाकर्षणामुळे काळच किंचित सावकाश चालतो. म्हणजे क्वेसार आज लुकलुकला, तर आपल्याला तो आधी एका ठिपक्यात दिसणार (त्याला 'ए' म्हणतात) आणि नंतर दुसऱ्यात ('बी'). किती नंतर? यावर खगोलशास्त्रज्ञ दीड दशक भांडले. एक गट म्हणे ४१५ दिवसांच्या आसपास, दुसरा म्हणे ५४० च्या आसपास. दोघांकडे तीच निरीक्षणं, हिशेबाच्या रीती वेगळ्या.

मग डिसेंबर १९९४ मध्ये 'ए' चं तेज झपकन उतरलं. कुंदिच आणि सहकाऱ्यांनी ते टिपलं आणि आधीच सांगून ठेवलं: पहिला गट बरोबर असेल तर 'बी' फेब्रुवारी १९९६ मध्ये असाच उतरेल, दुसरा बरोबर असेल तर जूनमध्ये. ते थांबले. 'बी' फेब्रुवारीत उतरला. उत्तर ४१७ दिवस, तीन दिवस इकडेतिकडे.

साधारण नऊ अब्ज वर्षांचा प्रवास, आणि दोन वाटांमधला फरक जेमतेम चौदा महिन्यांचा. तो फरक आपल्या हयातीत मोजता येतो. मी त्या रात्री पडद्याकडे बघत होते तेव्हा मनात हेच घोळत होतं.

कोणाला काही विचारायचं, जोडायचं असेल तर जरूर लिहा.

---

प्रश्नांकित

सुंदर लिहिलंय ताई. पण शंका आहे. जुळी भावंडं सारखी दिसतात म्हणून ती एकच व्यक्ती आहे असं आपण म्हणत नाही. दोन क्वेसार शेजारी शेजारी, एकाच वेळी जन्मलेले, असं का नसेल? नुसत्या वर्णपटावर इतका भरवसा?

---

अरुंधती_तारा

@प्रश्नांकित, ही शंका तेव्हाही घेतली गेली होती, आणि जोरात. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणींनी पाहिलं तेव्हा 'ए' च्या बाजूंना रेडिओ लहरींचे फुगवटे दिसले, 'बी' ला ते नव्हतेच. एकच वस्तू असेल तर हे कसं? काही लोकांना वाटलं, संपला विषय.

झालं असं होतं की ते फुगवटे क्वेसारपासून बरेच लांब आहेत. भिंगाचा जो पट्टा एकाच्या दोन प्रतिमा करतो, त्याच्या बाहेर पडतात ते. म्हणून त्यांची एकच प्रतिमा. पुढे खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून दोन्ही ठिपक्यांच्या अगदी गाभ्यात डोकावलं तेव्हा दोन्हीकडे तसाच बारीक झोत सापडला. १९८० पर्यंत भिंग-दीर्घिकाही सापडली होती, 'बी' च्या अगदी शेजारी, एक विकलेवर, साधारण ४ अब्ज प्रकाशवर्षांवर. आणि शेवटचा पुरावा ४१७ दिवसांचा. वेगळ्या भावंडांपैकी एक खोकला की बरोबर ४१७ दिवसांनी दुसरा तसाच, तेवढाच खोकतो, असं होत नाही.

---

काचवाला

माझा चष्म्याचा धंदा आहे, बत्तीस वर्षं झाली. 'भिंग' शब्दामुळे गैरसमज होतो म्हणून लिहितो.

आपलं बहिर्वक्र भिंग कडेला किरण जास्त वाकवतं, मध्यावर अजिबात वाकवत नाही. म्हणून सगळे किरण एका बिंदूत येतात. दीर्घिकेचं उलट आहे. गाभ्याजवळून जाणारा किरण जास्त वाकतो, दुरून जाणारा कमी. त्यामुळे केंद्रबिंदू नाही, नाभीय अंतर नाही, स्वच्छ प्रतिमा नाही. आमच्या दुकानात असं भिंग आलं तर पहिल्याच दिवशी परत पाठवू.

घरी बघायचं असेल तर फालुद्याचा उंच पायाचा काचेचा ग्लास घ्या. त्याचा पाय मध्ये जाड आणि कडेला पसरत पातळ होत जातो. कागदावर पेनाने ठिपका काढा, त्यावर ग्लासचा पाय ठेवून वरून बघा आणि हळूहळू सरकवा. ठिपका बरोबर मध्याखाली असेल तर कडं दिसतं. जरा बाजूला गेला की कडं तुटून दोन कोयऱ्या. मी काल रात्री नातीला दाखवलं. तिने ग्लास तासभर सोडला नाही.

---

शुभदा_कोल्हापूर

@काचवाला काका, आत्ताच करून पाहिलं!! माझा मुलगा आठवीत आहे. कोयरी दिसल्यावर तो म्हणाला, "आई, ठिपका वाकडा नाही, काच वाकडी आहे." मग त्यानेच विचारलं की ठिपका कुठे आहे हे न बघता, नुसत्या कोयरीवरून काचेचा आकार सांगता येईल का? मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल?

---

लंबक

शुभदाताई, तुमच्या मुलाने जे विचारलं तेच आमचं रोजचं काम आहे. मी याच विषयात पीएचडी करतोय.

येतं सांगता. कड्याची त्रिज्या मोजली, भिंगाचं आणि मागच्या वस्तूचं अंतर माहीत असलं, की कड्याच्या आत किती वस्तुमान आहे ते थेट निघतं. त्रिज्या दुप्पट तर वस्तुमान चौपट. तारे किती, वायू किती, डार्क मॅटर (न दिसणारं द्रव्य) किती, हे आधी माहीत असायची गरज नाही. सगळं मिळून वजन. खगोलशास्त्रात इतकं सरळ वजन दुसऱ्या कुठल्या तराजूवर होत नाही.

ताजं उदाहरण सांगतो. युरोपची युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली. तिच्या सुरुवातीच्या चाचणीच्या, मुद्दाम धूसर ठेवलेल्या चित्रांतच ब्रुनो अल्टिएरी यांना एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवती काहीतरी गोल जाणवलं. नंतर स्वच्छ चित्रात पूर्ण कडं निघालं. ही दीर्घिका फक्त ५९ कोटी प्रकाशवर्षांवर, एकोणिसाव्या शतकापासून यादीत असलेली. कडं तिच्या इतकं आतल्या बाजूला आहे की आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मागची दीर्घिका ४.४२ अब्ज प्रकाशवर्षांवर. कड्यावरून वजन काढलं, ताऱ्यांच्या उजेडावरून ताऱ्यांचं वजन काढलं, वजाबाकी केली. कड्याच्या आत डार्क मॅटर सुमारे ११ टक्के. बाहेर जावं तसं ते प्रमाण वाढत जातं, पण गाभ्यात तारेच तारे. ही वजाबाकी मला फोटोपेक्षा सुंदर वाटते. कड्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, ही वजाबाकी कोणी फिरवत नाही, याची खंत आहे.

---

प्रश्नांकित

@लंबक, मग ४१७ दिवसांचा उपयोग काय? वजन तर आकारावरून निघालं.

---

लंबक

४१७ दिवसांवरून विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते मोजता येतं. नॉर्वेच्या स्यूर रेफ्सडालने १९६४ मध्येच हे मांडलं, एकही भिंग सापडायच्या पंधरा वर्षं आधी.

असं बघा. चित्रातले कोन मोजले की दोन वाटांची प्रमाणं कळतात, पण मूळ मापपट्टी कळत नाही. नकाशावर रस्ते आहेत, मैलाचे दगड नाहीत. विलंबाचे दिवस म्हणजे मैलाचा दगड. एका वाटेने दुसरीपेक्षा ४१७ दिवस जास्त लागले हे कळलं की सगळ्या अंतरांना आकडा मिळतो, आणि अंतर व ताम्रसृती मिळून हबल स्थिरांक, म्हणजेच विश्वाच्या प्रसरणाचा दर. जुळ्या क्वेसारवरून ६४ आला, चूक १३ पर्यंत. ढोबळ आहे, पण शिडीच्या पायऱ्या न चढता एका उडीत आलेला आकडा आहे. तेजाची शिडी लावून, जवळच्या ताऱ्यांवरून लांबच्यांवर जात काढलेल्या आकड्याशी याचा काही संबंध नाही. म्हणून तो मोलाचा.

पुढे सहा भिंगं मिळून ७३.३ आला. आद्य विश्वाच्या प्रकाशावरून प्लांक उपग्रहाने काढलेला ६७.४ आहे. हा झगडा तुम्ही पेपरात वाचला असेल.

पण इथे मला प्रामाणिकपणे एक सांगायलाच हवं. भिंगाच्या वाटेवर वस्तुमानाची सपाट चादर अंथरली आणि बाकी सगळं त्या मानाने बदललं, तर प्रतिमा तशाच राहतात आणि विलंब मात्र बदलतो. चित्र बघून चादर आहे की नाही ते कळत नाही. जुळ्या क्वेसारचं भिंग दीर्घिकांच्या समूहात बसलंय, म्हणजे चादर अंथरलेलीच आहे. २०२० मध्ये ही ढिलाई मोकळेपणाने मान्य करून हिशेब केला तेव्हा आकड्यातली संभाव्य चूक बरीच वाढली, आणि इतर भिंगांची माहिती जोडली तर आकडा ६७.४ कडे झुकला. त्यामुळे "भिंगांनी झगडा मिटवला" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजून ही चादर पकडायचं काम चालू आहे. मी त्यातलंच एक टोक धरून बसलोय.

---

अरुंधती_तारा

@लंबक, रेफ्सडालचं नाव घेतलंत म्हणून. त्याने १९६४ मध्ये उदाहरण क्वेसारचं नव्हे, अतिनवताऱ्याचं, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्याचं धरलं होतं. तसा अतिनवतारा नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅट्रिक केली यांना हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत सापडला, एका लंबगोल दीर्घिकेभोवती चार प्रतिमांत. भोवतीच्या दीर्घिका-समूहाचं गणित करून अनेक गटांनी सांगितलं की हाच स्फोट समूहातल्या दुसऱ्या जागी पुन्हा दिसेल. डिसेंबर २०१५ मध्ये तिथे दिसला. एखादा तारा फुटताना दिसणार, हे आधी सांगून त्या जागी दुर्बीण लावायची, असं याआधी कधी झालं नव्हतं. त्याला रेफ्सडालचंच नाव दिलंय. तो स्वतः २००९ मध्ये गेला, बघायला नव्हता. मला दर वेळी हे वाचताना गलबलतं.

---

खोडदकर

धागा आवडला. आमच्या गावचा संबंध आहे म्हणून लिहितो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या लहानपणापासून बघत आलोय, ४५ मीटर व्यासाच्या. शाळेत असताना विज्ञान दिनाला आत सोडायचे.

जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीने एका फार लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा रेडिओ संकेत टिपल्याचं जाहीर केलं. प्रकाशाला यायला ८.८ अब्ज वर्षं लागलेली दीर्घिका. हायड्रोजनचा हा संकेत इतका दुबळा असतो की एवढ्या लांबून एकट्या दीर्घिकेचा ऐकू येत नाही. पण मध्ये दुसरी दीर्घिका होती, तिने तो सुमारे तीस पट वाढवला. म्हणजे भिंग वजनाला वापरतात तसं दुर्बिणीला जोड म्हणूनही वापरतात. आमच्या तबकड्यांपुढे निसर्गाने आणखी एक तबकडी लावून दिली.

---

लंबक

@खोडदकर, हा निकाल मलाही फार आवडला होता. एवढंच, एकट्या संकेतावर उभा असलेला दावा दुसऱ्या दुर्बिणीनेही स्वतंत्रपणे पडताळायला हवा, आणि वाढवून किती मिळालं तो आकडा भिंगाच्या प्रतिरूपावर अवलंबून असतो. पण युक्ती अस्सल आहे, आणि पुढे रेडिओत ती खूप वापरली जाणार.

---

टूसॉनहून_मंदार

मी टूसॉनला राहतो. किट पीक इथून साधारण नव्वद किलोमीटर. तो डोंगर तोहोनो ओओधम लोकांच्या जमिनीवर आहे. जून २०२२ मध्ये वणवा माथ्यापर्यंत आला होता, काही इमारती जळाल्या, दुर्बिणी वाचल्या. ती २.१ मीटरची अजून तिथे उभी आहे. तुमचा धागा वाचून काल परत जाऊन आलो.

विषय निघालाच आहे तर, जुळा क्वेसार मीही टिपलाय. दहा इंची दुर्बिणीने, २४ जानेवारी २०२५ ला. दोन ठिपके स्वच्छ सुटे आलेत.

---

सुलभा_क

मराठीत यावर वाचायला मिळतं याचाच आनंद. वाचनखूण साठवली. माझ्यासारख्या, दुर्बीण नसलेल्या बाईला यात काही करता येतं का? निवृत्त झाले आहे, वेळ आहे, नजर चांगली आहे.

---

अरुंधती_तारा

सुलभाताई, नजरच हवी आहे! स्पेस वॉर्प्स नावाचा उपक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. संगणकाने चाळलेल्या आकाशाच्या चित्रांत घरबसल्या कमानी आणि कडी शोधायची. पहिल्याच फेरीत संगणकाच्या नजरेतून निसटलेले २९ नवे उमेदवार लोकांनी शोधले. तो उभारणाऱ्या तिघांपैकी एक डॉ. अनुप्रीता मोरे, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेतल्या. मार्च २०२५ मध्ये युक्लिडच्या पहिल्या तुकड्यातून जी ५०० उमेदवार भिंगं जाहीर झाली, त्यातही आधी संगणक, मग हजारभर स्वयंसेवक आणि शेवटी तज्ज्ञ, अशीच चाळणी होती. संपूर्ण सर्वेक्षणात अशी लाखभर भिंगं अपेक्षित आहेत. १९७९ मध्ये एक होतं.

एका गोष्टीला फसू नका एवढंच सांगते. सर्पिल दीर्घिकेचा हात कमानीसारखा दिसतो. कमान निळी, मधली दीर्घिका पिवळसर, आणि कमानीची पाठ बाहेर: हे तीन जुळले की थांबून नीट बघा.

---

काचवाला

एक विचारू का? फालुद्याच्या ग्लासात मला कधी कधी दोन कोयऱ्यांच्या मध्ये, पार गाभ्यात, तिसरा पुसट ठिपका दिसतो. काचेचा दोष म्हणायचा का?

---

लंबक

काका, दोष नाही! तुम्ही विषम प्रतिमेचा सिद्धान्त डोळ्यांनी पाहिलात. आरपार आणि सलग वस्तुमानाच्या भिंगातून प्रतिमा नेहमी विषम संख्येत पडतात: एक, तीन, पाच. मग जुळ्या क्वेसारची तिसरी कुठे आहे? मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या नरसिंह, सुब्रमणियन आणि चित्रे यांनी १९८६ मध्ये नेचरमध्ये याच हरवलेल्या प्रतिमेवर लिहिलं. दीर्घिकेच्या गाभ्यात वस्तुमान फार दाटलेलं असेल, तर मधली प्रतिमा इतकी मंद होते की ती दिसतच नाही. म्हणजे न दिसणारी प्रतिमाही गाभ्यातल्या दाटीबद्दल काहीतरी सांगून जाते. शशिकुमार चित्रे सर २०२१ मध्ये गेले. भिंगांवर भारतात काम सुरू करणाऱ्या पहिल्या पिढीतले ते. त्यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं होतं.

---

अरुंधती_तारा

@टूसॉनहून_मंदार, तुमचा प्रतिसाद काल वाचला आणि रात्री झोपेत हिशेब जुळला. उठून कॅलेंडर काढलं. आमचा फोटो १४ मार्च २०२६ चा. त्यातून ४१७ दिवस मागे गेलं की २१ जानेवारी २०२५ येते. तुमचा २४ जानेवारीचा. तीन दिवसांचा फरक!

म्हणजे तुमच्या फोटोतला 'ए' आणि माझ्या फोटोतला 'बी' हे क्वेसारचे एकाच वेळी निघालेले किरण आहेत, जवळजवळ. एक तुमच्याकडे अॅरिझोनात उतरला, दुसरा वळसा घेऊन भोरच्या शेतावर.

कच्ची फाइल असेल तर पाठवाल का? शेजारचे तीन स्थिर तारे दोन्ही फोटोंत धरून तुमच्या 'ए' चं आणि माझ्या 'बी' चं तेज मोजते. एका जोडीवरून विलंब सिद्ध होत नाही, हे ठाऊक आहे, दोन्ही ठिपक्यांच्या तेजातला कायमचा फरकही त्यात आहे. पण इथल्या ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनी तारखेसकट द्यावेत. वीस-पंचवीस जोड्या जमल्या तर काढू आलेख.

---

टूसॉनहून_मंदार

पाठवली आहे. चाळीस तुकडे आहेत, प्रत्येकी तीन मिनिटांचे. त्या रात्री वारा होता, शेवटचे सहा वगळा. आणखी एक सापडलंय, नोव्हेंबर २०२३ चं, तेही शोधून देतो.

---

खोडदकर

माझ्या मित्राकडे जुन्नरहून काढलेला आहे, जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातला. मंदार यांचा २०२३ चा आणि हा, या जोडीत दिवस किती जुळतात ते बघू. उद्या त्याच्याकडे जातो.

---

अरुंधती_तारा

फाइल मिळाली. शेवटचे सहा वगळले. 'ए' उघडून बसले आहे.